उघडून बघणाऱ्या मुलाच्या हाती मीटर द्या

एका ताईंनी विचारलंय: मुलगा आठवीत आहे. रिमोट, मिक्सर, जुना मोबाइल, हाताला लागेल ते उघडून बसतो. वाढदिवसाला महागडं रोबोटचं किट आणून दिलं, ते चार दिवसांत बाजूला पडलं, पण उघडाउघडी काही थांबत नाही. ही वयाची हौस आहे की यातून पुढे काही होऊ शकतं? आणि तुम्ही स्वतः लहानपणापासून आजपर्यंत यातच कसे टिकलात?

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

मी सासवडचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे टीव्ही आलेला नव्हता. रेडिओ होता, आणि त्याचा परवाना असे. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. आमच्या आळीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसायचो. मी एकटा नाही, बरीच पोरं बसायची. काकांची एक पद्धत होती. आम्ही काही विचारलं की ते उत्तर देत नसत, व्होल्टेज-करंट मोजायच्या मीटरच्या पिना हातात देत आणि म्हणत, "बघ, इथं किती येतात." आकडा सांगितला की पुढचा प्रश्न, "किती यायला पाहिजे होते?" जी पोरं नुसती गंमत बघायला यायची ती या प्रश्नाला कंटाळून गेली. मला त्या प्रश्नाचीच गोडी लागली. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या बाबतीत सगळं तिथेच ठरलं.

त्यांनी मला करायला लावलेली पहिली वस्तू म्हणजे क्रिस्टल सेट, सेलशिवाय चालणारा अगदी साधा रेडिओ. पुठ्ठ्याची नळी, त्यावर मोटार रिवायंडिंगवाल्याकडून आणलेल्या इनॅमल तारेचे वेढे, भंगारातल्या रेडिओचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा, पानं फिरणारा), ओए-७९ नावाचा काचेचा इवलासा जर्मेनियम डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि जास्त ओहमचा इअरफोन. एरियलची तार माडीवरून चिंचेच्या झाडापर्यंत. अर्थिंगसाठी हौदाजवळच्या ओल्या मातीत ठोकलेली सळई. बस, इतकंच. सेल नाही, लाइट नाही. आणि गँग हळूहळू फिरवत गेलं की एका जागी कानात स्वच्छ पुणे केंद्र! प्रक्षेपक दिवे घाटापलीकडे हडपसरला, त्यामुळे सिग्नलला जोर होता. ऐकू येतंय याचं आश्चर्य दोन दिवसांत ओसरलं. न ओसरणारं आश्चर्य वेगळंच होतं: सेलच नाही, तर इअरफोनचा पडदा हलवायला शक्ती आली कुठून? ती त्या लहरीतूनच येते, तारेने गोळा केलेली असते, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या तारेकडे बघत होतो.

इथे थोडं खोलात जातो, कारण तुमच्या मुलालाही हे करून बघता येईल. कॉइल (म्हणजे ते तारेचे वेढे) आणि कंडेन्सर (म्हणजे तो गँग) जोडले की त्यांच्यात वीज झोपाळ्यासारखी इकडून तिकडे जाते, आणि प्रत्येक जोडीचा आपला एक ठराविक वेग असतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. २०० मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली तर गँग साधारण २०० पिकोफॅरडवर आला की ती जोडी बरोबर त्या वेगाला झुलते, आणि बाकीची स्टेशनं मागे पडतात. हा हिशोब पुस्तकातल्या रेझोनन्सच्या सूत्राने वहीवर करायचा, मग गँगची पानं किती आत गेली आहेत ते डोळ्यांनी बघायचं. कागदावरचा आकडा हातातल्या पत्र्यात दिसतो. आठवीतल्या मुलाला वर्गमूळ येतं, त्यामुळे सूत्रात अडचण नाही.

मग काकांनी मला असा एक प्रश्न दिला की तो मला बरेच महिने पुरला. "एरियल लांब केलंस की आवाज वाढतो, पण रात्री दोन स्टेशनं एकात एक येतात. का?" मी वेढे कमी केले, वाढवले, तार बदलली. शेवटी एरियल थेट मोठ्या कॉइलला न जोडता शेजारी वेगळे थोडेसे वेढे घालून त्यांना जोडलं. आवाज जरा कमी झाला, पण स्टेशनं सुटी झाली. लांब एरियल ट्यून्ड सर्किटवर, म्हणजे कॉइल-कंडेन्सरच्या त्या जोडीवर, ओझं टाकतं आणि त्याची निवडण्याची धार बोथट करतं, हे मला पुस्तकाआधी हाताने कळलं होतं. हे "का" माझ्या मालकीचं झालं. मुलाची हौस पुढे आयुष्यभर चालेल का, हे पारखायचं असेल तर एवढंच बघा: एखाद्या "का"चं उत्तर त्याने स्वतः शोधलंय का, आणि त्यानंतर त्याला दुसरं "का" सुचलं का.

जाता जाता सांगतो, अशा डिटेक्टरचा, म्हणजे लहरी टिपणाऱ्या डायोडसारख्या भागाचा, इतिहास आपल्याच देशातून जातो. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात गॅलेना या खनिजाचा स्फटिक लहरी टिपायला वापरला आणि १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना मिळालं. ओए-७९ हा त्याच वंशातला. मुलांना हे जरूर सांगावं.

क्रिस्टलनंतर ट्रान्झिस्टर रेडिओ. झाकण उघडलं की आत पत्र्याच्या चार चौकोनी डब्या दिसतात, डोक्यावर रंग दिलेल्या. लाल म्हणजे ऑसिलेटरची, रेडिओच्या आत स्वतःची लहर तयार करणाऱ्या सर्किटची, कॉइल. पिवळी, पांढरी आणि काळी म्हणजे आयएफटी, एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेले छोटे ट्रान्सफॉर्मर. काकांची सक्त ताकीद होती की यांना लोखंडी पेचकस लावायचा नाही. एक तर आतला फेराइटचा कोर ठिसूळ, सहज तुटतो. आणि दुसरं, पेचकस जवळ नेला तरी कॉइलची किंमत (मायक्रोहेन्रीचा आकडा) बदलते, म्हणजे पेचकस काढला की जुळवलेलं सगळं निसटतं. त्यासाठी बांबूची काडी चपटी घासून ठेवलेली असे.

या डब्यांमागची कल्पना मला आजही या सगळ्या शास्त्रातली सर्वात देखणी वाटते. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ मध्ये ती काढली; तिला सुपरहेट म्हणतात. प्रत्येक स्टेशनसाठी सगळा ॲम्प्लिफायर नव्याने जुळवत बसण्यापेक्षा प्रत्येक स्टेशनलाच एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचं. रेडिओत ती ४५५ किलोहर्ट्झ. पुणे लावलं, म्हणजे ७९२, की आतला ऑसिलेटर (लोकल ऑसिलेटर) १२४७ वर चालतो. दोघांची भेळ केली की फरक उरतो ४५५. दुसरं स्टेशन लावा, एकाच दांडीवरचे दोन्ही गँग बरोबरीने सरकतात आणि फरक तेवढाच राहतो.

हे खरं आहे हे कशावरून? दोन ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या. पहिला ७९२ वर लावा. दुसरा त्याच्या अगदी जवळ ठेवून १२४७ च्या आसपास हळूच फिरवा. एका जागी दुसऱ्याची खरखर एकदम दबते, किंवा शिट्टी येते. पहिल्याची सुई जरा हलवली की ती जागाही हलते. म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओसुद्धा थोडं बोलत असतो. हा प्रयोग मी आजवर अनेक मुलांसमोर केलाय, आणि त्या क्षणी कुणाचे डोळे मोठे होतात ते मी बघून ठेवतो.

याच काळात मीटरबद्दल एक गोष्ट शिकलो. त्या वेळी स्वस्त ॲनालॉग मीटर १००० ओहम प्रति व्होल्टचे असत. ९ व्होल्टवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले तर मध्ये साडेचार व्होल्ट यायला हवेत. पण हा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला की तो स्वतःच १० किलोओहमचा तिसरा रेझिस्टर होऊन बसतो आणि दाखवतो ३. सर्किट चांगलं, मीटर चांगला, आणि आकडा चुकीचा. आजच्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असतो, त्यामुळे एवढा फरक पडत नाही, पण मोजणाऱ्याने मोजण्याच्या साधनालाही हिशोबात धरायचं असतं ही शिस्त मला त्या स्वस्त मीटरने लावली.

दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेलो. तिथे गणिताने गाठलं. उणे एकचं वर्गमूळ, फेज, डिफरन्शिएशन. हात चालणाऱ्या बऱ्याच मुलांनी तिथे मान टाकली. मीही थोडक्यात वाचलो, ते क्रिस्टल सेटमुळे. कॉइलमध्ये व्होल्टेज पुढे आणि करंट मागे, कंडेन्सरमध्ये उलट, हे वाचताना मला ती नळी आणि तो गँग दिसायचा, आणि समीकरण त्यांच्याबद्दलच बोलतंय हे जाणवायचं. माझं मत स्पष्ट आहे: नुसता हात असलेला मुलगा बोर्ड बदलण्यापाशी थांबतो, नुसतं गणित असलेला सोल्डरिंग आयर्नला भितो. दोन्ही एकत्र लागतं, आणि हात आधी आला तर गणिताचं भय कमी होतं.

टीव्हीचा जमाना मी झरझर ओलांडतो. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, मग सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे आमच्याकडे चित्र दिसू लागलं, १९८२ मध्ये रंग आला. कित्येकांनी त्यावर घर बांधलं. मी मात्र डिप्लोमानंतर दवाखान्यातल्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेलो आणि तिथेच रमलो. कारण सांगतो.

रेडिओच्या दुकानात मी हमिंग ऐकायला शिकलो होतो. मेन्सवर चालणाऱ्या सेटमध्ये दोन प्रकारचं हमिंग येतं. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर ती १०० होते. त्यामुळे फिल्टर कंडेन्सर सुकला की १०० ची, जरा खरबरीत घरघर येते. अर्थ सुटली किंवा इनपुटची वायर उघडी पडली की ५० ची, खोल. सवयीच्या कानाला हा फरक झाकण काढण्याआधी कळतो.

ईसीजीच्या यंत्रापाशी तीच ५० हर्ट्झ मला पुन्हा भेटली. हृदयाचा सिग्नल छातीवर जेमतेम १ मिलिव्होल्ट. खोलीतल्या वायरिंगमुळे माणसाच्या अंगावर येणारं ५० हर्ट्झ त्याच्या कितीतरी पट. यंत्राने दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा घ्यायचा आणि दोघांवर सारखं असलेलं सोडून द्यायचं. शिवाय उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडमधून उलट सिग्नल अंगात सोडून ते मुळातच दाबायचं. हे सर्किट पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

एका लहान गावातल्या दवाखान्यातून निरोप आला, यंत्र बिघडलंय, रेघ जाड येते. गेलो. आधी पट्टी हातात घेतली. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. त्या चौकोनात लहान लाटा मोजल्या तर बरोबर १० भरल्या. ०.२ सेकंदात १० म्हणजे ५०. रुग्णाचे स्नायू थरथरत असते तर लाटा वेड्यावाकड्या आल्या असत्या, इतक्या शिस्तीत आल्या नसत्या. मग सगळ्या लीडची टोकं एकत्र जोडली, रेघ सरळ. म्हणजे यंत्र निर्दोष. खोलीत फिरत गेलो. खाटेमागच्या भिंतीत वायरिंग होतं, ट्यूबचा चोक डोक्यावर, आणि सॉकेटच्या अर्थिंगला तारच पुढे जोडलेली नव्हती. खाट भिंतीपासून ओढली, अर्थिंग नीट करून घेतलं, इलेक्ट्रोडखाली जेली नव्याने लावली. रेघ बारीक आली. यंत्राचा एक स्क्रूही उघडला नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की हे कसं ओळखलंत. मी त्यांना चौकोन मोजून दाखवला, आणि मनात काकांचा प्रश्न होता: किती यायला पाहिजे होते?

इतकी वर्षं यातच कसा टिकलो, याचं खरं उत्तर हे आहे. वस्तू तर दर दहा वर्षांनी बदलल्या. ज्या ट्रान्झिस्टरचे नंबर मला तोंडपाठ होते, एसी-१२८, बीसी-१४८, एसएल-१००, ते आता नव्या यंत्रांत सापडत नाहीत. आयसी आल्या, मायक्रोप्रोसेसर आले, बोटाच्या नखावर मावतील असे पार्ट आले. पण ५० हर्ट्झ तेच, कंडेन्सर सुकणं तेच, ४५५ ची युक्ती तीच. जुन्या ओळखीची गोष्ट नव्या यंत्रात भेटते, तेव्हा माझा आनंद आजही फळीवर बसणाऱ्या पोराचा असतो.

आता तुमच्या मुलाचं. किट बाजूला पडलं यात काळजीचं काही नाही. त्या किटमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं; जोडलं, चाललं, संपलं. त्यात त्याने शोधायचं काही ठेवलेलंच नसतं. त्याऐवजी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची सोल्डर तार, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करायचा), थोडे रेझिस्टर, कंडेन्सर, एलईडी. पुण्याला येणं होत असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत त्याला घेऊन जा. मुंबईला असाल तर लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन मागवू नका असं नाही, पण काउंटरवर उभं राहून "४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट द्या" म्हणण्यात मुलाला जो आत्मविश्वास येतो तो पार्सलात येत नाही. आणि एक जाड वही. प्रत्येक वेळी आधी अपेक्षित आकडा लिहायचा, मग मोजलेला. दोघांत फरक पडला तर आनंदाने उडी मारायची, कारण शिकायचं तिथे आहे.

अर्डुइनो किंवा ईएसपी-३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांना माझी ना नाही, उलट आजच्या मुलाला ते यायलाच हवं. फक्त पहिला एलईडी लावताना त्याने हिशोब करावा: अर्डुइनोचे ५ व्होल्ट, त्यातले साधारण २ लाल एलईडीवर, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर, म्हणजे साडेतेरा मिलिअँपिअरच्या आसपास. मग मीटर सिरीजमध्ये लावून बघावं. एवढं केलं की पुढचा प्रोग्राम नुसता कॉपी-पेस्ट राहत नाही.

सुरक्षेबद्दल मात्र मी कडक आहे, आणि तुम्हीही राहा. पहिलं वर्ष फक्त सेल आणि १२ व्होल्टपर्यंतचा ॲडॅप्टर. मिक्सरला प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तोसुद्धा मोठं माणूस शेजारी असताना. टीव्ही, संगणक किंवा चार्जरमधल्या पॉवर सप्लायला हात नाही: २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की आतल्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हन तर कधीच उघडायचा नाही. त्यातलं हजारो व्होल्टचं सर्किट अनुभवी माणसालाही माफ करत नाही. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचायची, कापायची नाही. घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या; तो खर्च किटपेक्षा जास्त कामाचा आहे.

पोटापाण्याचंही तुमच्या मनात असणारच. गल्लीतली टीव्ही दुरुस्तीची दुकानं कमी झाली हे खरं. पण सोलर इन्व्हर्टर, यूपीएस, विजेवरच्या दुचाकींचे चार्जर आणि कंट्रोलर, कारखान्यातले ड्राइव्ह, दवाखान्यातली यंत्रं, या सगळ्यांना कारण शोधणारा माणूस लागतो, आणि तो सहज मिळत नाही. मी स्वतः माणसं शोधताना हे अनुभवतो. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेड आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, बारावीनंतर अभियांत्रिकी आहेच. कुठलीही वाट धरली तरी वही आणि मीटर बरोबर राहू द्या. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओ संपर्काची, परीक्षाही डोक्यात ठेवा. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती देता येते, आणि परवाना हाती आला की स्वतःच्या कॉलसाइनने जगाशी बोलता येतं. अभ्यासक्रमात ट्यून्ड सर्किट आणि सुपरहेट दोन्ही आहेत.

आणि शक्य झालं तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, त्याला नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या वेळी लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन भुजांवर दूरवर शेतांमधून पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचे सिग्नल तिथे टिपतात. डिश बघून झाल्या की मुलाला रिसीव्हरच्या टेबलापाशी न्या आणि तिथल्या अभियंत्यांना त्याने स्वतः विचारू द्या: "यात लोकल ऑसिलेटर कुठे असतो?" जाण्याआधी दोन रेडिओंचा तो प्रयोग तेवढा घरी करून ठेवा.